झोप न येणारी गोळी

जामखेडच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर पावसाळा सरता सरता हे बोलणं कानावर पडतं.

"दादा, पित्ताची गोळी द्या."

"कोन्तं पित्त? छातीतलं का अंगावरचं?"

"अंगावरचं. गांधी उठल्यात."

"झोप येणारी देऊ का न येणारी?"

"न येणारी द्या. गाडीवर खर्ड्याला जायचंय."

काउंटरमागचा पोरगा दोन्ही प्रश्न बरोबर विचारतो. छातीतल्या जळजळीलाही आपण पित्त म्हणतो आणि अंगावर उठणाऱ्या लालसर, खाजऱ्या गांधींनाही. एकाला आम्ल कमी करणारं औषध लागतं, दुसऱ्याला अ‍ॅलर्जीचं. काहींना दोन्ही पित्तं एकाच वेळी झालेली असतात. त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती मात्र राहून जाते. फेक्सोफेनाडिन ही झोप न आणणारी गोळी अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या गुलाबी पातळ औषधाबरोबर किंवा चघळायच्या अँटासिडबरोबर घेतली, तर ती रक्तात सुमारे ४१ टक्के कमी पोचते. दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवलं की काम भागतं. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या वेगळ्या. ही तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

*

फळांच्या रसाचंही तेच. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या, सफरचंदाच्या किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतली की आतड्यातून आत शिरण्याची तिची वाट अडते आणि परिणाम घटतो. स्टँडवर मोसंबीचा ग्लास हातात घेऊन त्याच घोटाबरोबर गोळी गिळणारे मी पाहिलेत. साधं पाणी घ्यावं. बिलास्टिन नावाची नवी गोळी तर जेवणालाही लाजते: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन यांचे असे नखरे नाहीत.

*

या औषधांची कुळी जुनी आहे. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोवे यांना खाज-शिंका आणणाऱ्या हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन सापडलं. ते माणसाला देण्याजोगं नव्हतं, पण वाट दिसली. १९५७ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या वाटेने पुढे आलेल्या अ‍ॅव्हिल, फेनेर्गन आणि सीपीएम म्हणजे क्लोरफेनिरामिन यांनी आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांची खाज शमवली आणि त्या पिढ्यांना दुपारी भिंतीला टेकवून झोपवलंही.

झोप का येते? हिस्टामिन फक्त नाक गाळत नाही. मेंदूत तेच हिस्टामिन आपल्याला जागं ठेवायचं काम करतं. जुनी औषधं मेंदूत सहज शिरतात आणि तिथलं हे कामही बंद पाडतात. जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात काझुहिको यानाई यांनी मेंदूच्या पेट स्कॅनवर हे मोजून दाखवलं. क्लोरफेनिरामिनच्या नेहमीच्या मात्रेने मेंदूतल्या हिस्टामिनच्या जागांपैकी जवळपास निम्म्या अडवल्या. फेक्सोफेनाडिनने जवळजवळ एकही नाही. फेक्सोफेनाडिन मेंदूच्या उंबऱ्याशी पोचली तरी तिथले प्रथिनांचे पंप तिला परत बाहेर ढकलतात.

सेटिरिझिन या दोन टोकांच्या मधे बसते. काउंटरवर ती 'न येणारी'मध्येच मोडते. पण अमेरिकेतल्या तिच्या माहितीपत्रकात लिहिलंय की १० मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे चौदा जणांना गुंगी आली, आणि औषध नसलेली खोटी गोळी घेतलेल्या शंभरातल्या सहा जणांना. म्हणजे बहुतेकांचं निभावतं, काहींचं नाही. आपण कुठल्या गटात आहोत हे पहिली गोळी रात्री घेऊन, दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा असेल तेव्हा पाहावं. नगरला निघताना स्टेअरिंगवर बसून पाहू नये. इथून नगर सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे.

*

आयोवा विद्यापीठातल्या एका प्रयोगाचं टिपण. निकाल २००० साली छापून आला. चाळीस जणांना मोटार चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवलं: कधी फेक्सोफेनाडिन देऊन, कधी जुन्या पिढीचं डायफेनहायड्रामिन, कधी दारू, कधी नुसतीच खोटी गोळी. गाडी सर्वांत वाईट चालली ती डायफेनहायड्रामिनवर. दारूपेक्षाही वाईट. फेक्सोफेनाडिनवर ती खोट्या गोळीइतकीच नीट चालली.

मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याला किती झोप येतेय याचा चालकांचा स्वतःचा अंदाज आणि त्यांची प्रत्यक्ष चूक यांचा फारसा मेळ बसला नाही. "मला कुठं झोप येते त्या गोळीनं" असं छाती ठोकून सांगणारा ट्रॅक्टरवाला खोटं बोलत नसतो. त्याला खरंच ते कळत नाही. दोन ट्रॉल्या उसाच्या मागे जोडून तो रात्री साखर कारखान्याच्या रस्त्याला लागतो तेव्हा त्याच्या खिशातली सर्दीची गोळी कुठल्या पिढीची आहे, हे विचारायला मला आवडेल.

*

गोळी कधी घ्यावी? लोक खाज सुटल्यावर, नाक गळायला लागल्यावर घेतात. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं या औषधाचं आहे: हिस्टामिन पोचायच्या आधी त्याच्या जागेवर जाऊन बसायचं. आधीच बसलेल्या हिस्टामिनला उठवणं त्याला जड जातं. म्हणून उद्या सकाळी तुरीची मळणी असेल आणि दरवर्षी त्या धुराळ्याने शिंकांची माळ लागत असेल, तर यंत्र सुरू व्हायच्या तास-दोन तास आधी गोळी घ्यावी. हंगाम महिनाभर चालणार असेल तर रोज एक, ठरल्या वेळी, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस. त्रास झाला की दोन, नाही झाला की शून्य, हा हिशेब या गोळीला लागू पडत नाही.

आणि गोळी घेतली म्हणून तोंडाला उपरणं न बांधता मळणी यंत्रापुढे उभं राहू नये. कडबा कुट्टीचं मशीनही तसंच. धूळ नाकात गेलीच नाही तर औषधाला काम कमी.

*

आता गाजरगवत. जामखेडात शिंकणाऱ्या आणि खाजवणाऱ्या प्रत्येकाचा पहिला संशय त्याच्यावर असतो, आणि तो उगाच नाही. पडीक रान, बांध, शाळेची मागची बाजू, विंचरणा नदीचा काठ, रस्त्याकडेचा उकिरडा. दोन पाऊस झाले की पांढऱ्या फुलांची चादर पसरते. महाराष्ट्रात ते १९५५ साली पुण्यात प्राध्यापक परांजपे यांनी नोंदवलं. ते अमेरिकी गव्हातून आलं असं घरोघरी सांगतात आणि पीएल-४८० या धान्य-कराराचं नाव घेतात. भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे गवत दिसल्यानंतर. गव्हासाठी अमेरिकी कर्ज १९५१ सालीच मिळालं होतं, तेव्हा गव्हावरचा संशय अगदीच फेटाळता येत नाही. कराराचं नाव तेवढं चुकतं.

पुण्याचे डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी १९६८ साली या गवताने होणाऱ्या त्वचारोगाची नोंद केली. चेहरा, मान, पापण्या, कोपराची आतली बाजू लाल होते, पुढे कातडं जाड आणि काळपट पडतं. वर्षानुवर्षं रानात राबलेल्या पुरुषांत हे जास्त दिसतं. आणि नेमक्या याच रोगात आपली झोप न येणारी गोळी कमी पडते. गांधी उठतात त्या हिस्टामिनमुळे, काही मिनिटांत, आणि बहुधा काही तासांत विरून जातात. गाजरगवताचा हा त्वचारोग वेगळ्या वाटेने होतो. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याला शरीरातल्या पेशी ओळखून ठेवतात आणि दिवसा-दोन दिवसांनी हल्ला करतात. हिस्टामिनला अडवून ती लढाई थांबत नाही. तिथे गवतापासून दूर राहणं, अंगभर कपडे, घरी आल्यावर अंघोळ, आणि त्वचेच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मलम किंवा पोटातलं औषध लागतं. तरी माणसं सहा-सहा महिने सेटिरिझिन खात राहतात आणि "गोळीत दम नाही" म्हणून दुकान बदलतात. दम गोळीत आहे. रोग तिचा नाही.

याच गवताच्या परागांनी नाकाची अ‍ॅलर्जीही होते. तिथे मात्र गोळी लागू पडते. एकच गवत, दोन रोग, आणि औषध एकाच रोगाला.

ग्रामस्वच्छतेच्या नावाखाली शाळेतल्या पोरांना उघड्या हातांनी, ते फुलावर असताना, गाजरगवत उपटायला लावतात ते बंद व्हायला हवं. उपटायचं तर फुलं येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून, आणि मोठ्यांनी. त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली बंगळुरूला सोडला होता; तो पुढे बराच पसरला, पावसाळ्यात पानांची चाळण करतो. तरी गवत आहेच.

*

हे सगळं जामखेडात बसून लिहिताना आरोळे दांपत्याची आठवण टाळता येत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली इथे आले ते अवर्षणाच्या, रस्ते नसलेल्या तालुक्यात. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावात ठेवून पाहिल्या, ते जमेना. मग गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन शिकवायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या एका पुस्तकात या प्रयोगावर प्रकरण होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंच्या मागे जे अनुभव आहेत, त्यात जामखेडचाही आहे.

आरोळ्यांच्या कामातली गाभ्याची गोष्ट औषध नव्हतीच. डॉक्टरच्या डोक्यातलं जे ज्ञान त्याच्या डोक्यातच राहायला हवं असं समजलं जायचं, ते त्यांनी बाईच्या पदरात टाकलं. अतिसाराला मीठ-साखरेचं पाणी का द्यायचं, हे तिला कळलं की ती ते दहाजणींना सांगणार.

झोप न येणारी गोळी आज तालुक्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचली आहे. तिच्याबरोबर यायला हवी होती ती माहिती कारखान्यातच राहिली. पाकिटावर सहसा मराठीचं अक्षर नसतं, आणि इंग्रजी असतं तेही मुंगीच्या पायाएवढं. दुकानदारापुढे आणखी आठजण उभे असतात. मला वाटतं, या गोळीबद्दलची पाच-सहा वाक्यं आशाताईला पाठ असती, तर निम्मे घोळ उंबऱ्यावरच मिटले असते. बाकीची टिपणं त्या वाक्यांच्या शोधातलीच आहेत.

*

तीन पाकिटं, तीन नावं, आत एकच औषध. ओकासेट, सेटझीन, अ‍ॅलेरिड: तिन्हींत सेटिरिझिन. मॉन्टेर-एलसीमध्ये लेव्होसेटिरिझिन आहे, वर मॉन्टेल्युकास्ट. डॉक्टरांनी मॉन्टेर-एलसी दिलेली असताना घरातल्या डब्यातली ओकासेट "जोडीला" घेणं म्हणजे त्याच कामाच्या गोळ्या दुप्पट खाणं. त्यात सर्दीची एखादी मिश्र गोळी आली की सीपीएमही पोटात गेलं, आणि न येणारी झोप मागच्या दाराने आली. पाकिटावर एक नाव असतं ते कंपनीने ठेवलेलं. दुसरं असतं ते औषधाचं. पोरांना इंग्रजी शिकवतोच आहोत, तर आजोबांच्या डब्यातली ही औषधांची नावं त्यांच्याकडून वाचून घ्यावीत.

मॉन्टेल्युकास्टबद्दल एवढंच: स्वभावात बदल, वाईट स्वप्नं, निराशा अशा दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्याच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नुसत्या शिंकांसाठी ते सर्रास घेण्याजोगं नाही.

*

साध्या सर्दी-पडशाला नवी गोळी काही करत नाही. ती सर्दी विषाणूची, तिथे हिस्टामिन मुख्य गुन्हेगार नसतो. जुन्या सीपीएमने नाक थोडं सुकतं ते तिच्या दुसऱ्याच एका गुणामुळे. त्याच गुणाने तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो आणि म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते.

*

लघवीवरून. प्रोस्टेट वाढलेल्या आबांना घरातल्या कुणी कौतुकाने सर्दीची गोळी द्यावी आणि मध्यरात्री त्यांना नळी घालायला दवाखान्यात न्यावं लागावं, हे डॉक्टरांना नवं नाही. काचबिंदू असेल तर डोळ्यालाही धोका. सत्तरीच्या पुढे जुनी गोळी म्हणजे रात्री उठताना पडणं आणि खुबा मोडणंही आलं. त्या वयात अ‍ॅलर्जीचं औषध लागलंच तर नव्या पिढीचं, आणि आधी किडनीची तपासणी पाहून. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या तिन्हींची मात्रा किडनी कमजोर असेल तर कमी करावी लागते. लोराटाडिनला लिव्हरकडे पाहावं लागतं. किडनीला जपावं लागणारे मधुमेहाचे पेशंट गावात वाढलेत. त्यांनी डॉक्टरांना क्रिएटिनिनचा कागद दाखवल्याशिवाय महिनोन्महिने गोळी चालू ठेवू नये.

*

"पोरगं एसटीत रडतंय, दोन चमचे सायरप पाजा, पुण्यापर्यंत उठत नाही." हा सल्ला देणारी मावशी प्रत्येक गाडीत असते. ते सायरप बहुधा जुन्या पिढीचं असतं. दोन वर्षांखालच्या मुलांत प्रोमेथाझिनने श्वास मंदावून मृत्यू झाल्यावर अमेरिकेने २००४ साली त्या वयासाठी ते वर्ज्य ठरवलं. आपल्या औषध नियंत्रकांनीही डिसेंबर २०२३ मध्ये सीपीएम आणि फेनिलेफ्रिन यांचं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं पाकिटावर लिहिण्याचा आदेश दिला. मावशीपर्यंत तो आदेश पोचलेला नाही. मुलाची मात्रा वजन-वयावरून डॉक्टर ठरवतात. मोठ्यांची गोळी मोडून अर्धी देणं हे मोजमाप नव्हे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी लोराटाडिन आणि सेटिरिझिन यांचा अनुभव बराच जमा झाला आहे आणि तो दिलासा देणारा आहे. तरी ते काउंटरवर ठरवायचं काम नाही.

*

झोप न आणणाऱ्या पहिल्या नावाजलेल्या गोळीचं नाव टर्फेनाडिन. जगभर खपली. मग कळलं की एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाबरोबर किंवा बुरशीवरच्या कीटोकोनाझोलबरोबर घेतली की तिचं लिव्हरमधलं विघटन अडतं, रक्तातलं प्रमाण चढतं आणि हृदयाचे ठोके जीवघेणे विस्कटतात. अमेरिकेतून ती १९९८ च्या सुरुवातीला गेली. भारतात ती आणि तिची बहीण अस्टेमिझोल यांच्यावर २००३ साली बंदी आली. गंमत अशी की टर्फेनाडिनचं शरीरात रूपांतर होऊन जे तयार व्हायचं, काम खरं तेच करायचं आणि हृदयाला ते छळत नव्हतं. तेच वेगळं काढून विकलं. ते म्हणजे फेक्सोफेनाडिन. या गोष्टीमुळे मी 'झोप येत नाही' आणि 'निर्धोक आहे' ही दोन वाक्यं एका श्वासात म्हणत नाही.

*

मधमाश्यांनी घेरलं, शेंगदाणा खाल्ला, कसलंसं इंजेक्शन घेतलं, आणि अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या. इथे गोळी शोधण्यात एक मिनिट घालवू नये, मग ती कुठल्याही पिढीची असो. इथे प्राण वाचवतं ते मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रिनॅलिन. १०८ ला फोन, माणसाला आडवं करून पाय उंच. दम लागला असेल तर बसू द्यावं. डेक्सा-अ‍ॅव्हिलच्या सुईवर आपल्या भागाची फार श्रद्धा आहे. ती नंतर देता येते. अ‍ॅड्रिनॅलिनच्या जागी ती चालत नाही.

विंचवालाही लोक अ‍ॅव्हिल मागतात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. तिथे हिस्टामिनचा खेळच नाही, हृदयावरचा ताण आहे. पाऊस पडल्यावर बांधावरचे दगड उचलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

*

नाक चोंदणं हा मुख्य त्रास असेल तर गोळी निम्मंच काम करते. शिंका, खाज, गळणं थांबतं, चोंदलेपण राहतं. तिथे स्टेरॉइडचा नाकातला फवारा जास्त उपयोगी. तो डॉक्टरांनी हातात धरून शिकवावा लागतो: नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला. परिणामाला काही दिवस लागतात, तोवर लोक फेकून देतात. जलनेतीनेही बरं वाटतं, पाणी उकळून गार केलेलं असेल तर. बोअरचं कच्चं पाणी नाकात घालू नये.

*

गांधी सहा आठवड्यांहून जास्त दिवस उठत राहिल्या तर तज्ज्ञ कधी कधी नव्या गोळीची मात्रा चौपटीपर्यंत नेतात. ते मार्गदर्शक नियमांत आहे. शेजाऱ्याच्या पाहण्यात कुणाला तरी चार गोळ्या दिल्या होत्या, हा नियम नव्हे.

आमसुलाचं पाणी अंगाला चोळायला माझी हरकत नाही. गार वाटतं.

अ‍ॅलर्जीची त्वचेवर टोचून करायची चाचणी करायला पुण्याला जाणार असाल तर आठवडाभर आधी गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर खेप वाया. किती दिवस ते चाचणी करणाऱ्यालाच आधी फोन करून विचारा.

*

अलीकडचं एक टिपण. मे २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने कळवलं की सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन रोज, महिनोन्महिने, वर्षानुवर्षं घेणाऱ्या काही थोड्या लोकांना गोळी अचानक बंद केल्यावर दोन-चार दिवसांत अंगभर जबर खाज सुटली, आधी खाजेचा रोग नव्हता त्यांनाही. प्रमाण फार कमी. पण त्या माणसाला वाटतं, गोळी सोडली म्हणून रोग उलटला, आणि तो पुन्हा सुरू करून जन्मभर घेत बसतो. गोळी परत सुरू केली की बहुतेकांची खाज थांबली, आणि काहींनी मग ती एकदम न सोडता हळूहळू कमी केली तेव्हा सुटका झाली. आमच्याकडे पाच-सहा वर्षं रोज रात्री एक घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ती आज रात्रीपासून बंद करू नये. पुढच्या खेपेला पाकीट बरोबर नेऊन डॉक्टरांना विचारावं की अजून लागते का, आणि लागत नसेल तर कशी कमी करायची.